बाणाची वायर

आमच्या घरात बाबांची वायर ओलांडायची नाही, असा नियम होता. झोपलेल्या माणसाला ओलांडत नाहीत, तसं. पडवीतल्या खुंटीवर तिचं भलंमोठं वेटोळं टांगलेलं असायचं. सुपारीच्या, म्हणजे कुणाच्या कार्याचं काम घेतलेल्या दिवशी बाबा ते उतरवून अंगणात सोडायचे, तेव्हा कोंबड्यासुद्धा वळसा घालून जायच्या, असं आई सांगायची. आई थोडं वाढवून सांगायची. तो गुण माझ्यातही उतरला आहे, तेव्हा वाचणाऱ्याने चार आणे वजा करून घ्यावेत. पण त्या वायरीबद्दल वाढवायची गरज नाही. ती एका दुकानातून एका दिवशी घेतलेली नव्हतीच. थोडी टेलिफोनची, थोडी कुणाच्या बंद पडलेल्या मोटारपंपाची, थोडी तलासरीच्या बाजारात भंगारात मिळालेली, अशी तुकड्या-तुकड्यांनी ती वाढत गेली होती. प्रत्येक सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी. एका सांध्यावर तर ताईच्या वेणीची लाल रिबीन होती, कारण त्या दिवशी ट्यूब सापडली नव्हती. बाबांना सांधे तोंडपाठ होते. हा उधवा गावच्या लग्नातला, वायर बैलाच्या पायात आली. हा सत्यनारायणाचा, उंदराने खाल्ला. हा माझा, मी चार वर्षांचा असताना विळ्याने कापला होता, आणि त्याबद्दल मार बसला नव्हता हे ते मुद्दाम सांगायचे.

बाबा शेतकरीच. भात, नागली, चार आंबे. पण डहाणू-तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यांमध्ये त्यांना ओळखायचे ते भोंगेवाले म्हणून. एक मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर, एक कॅसेट प्लेअर, एक माईक, दोन भोंगे आणि ही वायर, एवढा संसार. आमच्याकडे लग्नाचा भोंगा नुसता गाण्यांसाठी नसायचा. घरं लांब लांब, एक टेकडीवर, एक ओढ्यापलीकडे. घरोघर सांगायला जाणार कोण? जवळच्या नातेवाइकांना नारळ घेऊन जायचं, आणि बाकीच्यांसाठी सकाळी भोंगा चढवायचा. जिथवर भोंगा ऐकू येईल तिथवर आमंत्रण पोचलं. ऐकलं तो जेवायला येणार, आणि त्याला कुणी विचारणार नाही की बाबा रे, तू कोण. त्यामुळे लग्नघराची इभ्रत भोंग्याच्या पल्ल्यात असायची, आणि पल्ला बाबांच्या हातात. ते भोंगा उंचावर न्यायचे, झाडाच्या शेंड्याला बांधायचे, त्याचं तोंड एक बोट इकडे, एक बोट तिकडे करायचे. मग गाणं लावून स्वतः चालू लागायचे, ऐकायला. शेतं तुडवत, ओढा ओलांडत, पार पुढच्या पाड्याच्या विहिरीपर्यंत. तिथे उभं राहून कानामागे हात धरायचे. परत येऊन पुन्हा झाडावर चढायचे, पुन्हा बोटभर तोंड फिरवायचे. मला त्यांनी एकच धडा दिला: "भोंग्याखाली उभा राहून भोंगा ऐकू नये. तिथं सगळेच भोंगे चांगले."

सुपारीहून ते परत यायचे तेव्हा त्यांच्या हातात पळसाच्या पानांत बांधलेला भात असायचा, वर उडदाची घट्ट डाळ आणि कधी सुकटीची चटणी. पानाचा तो हिरवा, किंचित तुरट वास भाताला लागलेला. आज मी कुठल्याही लग्नात जेवलो तरी माझं नाक त्या वासाची वाट बघतं, आणि बायको म्हणते, "वास काय घेताय, जेवा."

हा धंदा सुरू केला तो दोघा भावांनी. थोरला माझा काका, धाकटे माझे बाबा. काकाचा गळा आणि बाबांचे हात. माईकवर काका बोलायचा. वऱ्हाड आलं की तो असं काही स्वागत करायचा की नवरदेव स्वतःच बुजायचा. काकाचं घर टेकडीच्या पलीकडे, आमचं अलीकडे खोलगटात, मध्ये एक खिंड. आमच्या घरामागच्या चढणीवर मोहाचं मोठं झाड होतं. त्या मोहावर भोंगा चढवून तोंड खिंडीकडे केलं, तर दोन्ही बाजूंच्या पाड्यांना ऐकू जायचं. बाबांची वायर इतकी लांब झाली ती त्या मोहापायीच. आमच्या पडवीतल्या मशीनपासून मोहाच्या शेंड्यापर्यंत ती बरोबर पुरायची, एक हातही जास्त नाही.

एके दिवशी आमच्या पाड्यात लग्न होतं आणि भोंगा त्या मोहावर होता. काका आला नव्हता, कारण त्याची धाकटी मुलगी, जेमतेम बोलायला लागलेली, तापाने फणफणली होती. ती सकाळीच गेली. निरोप घेऊन निघालेला माणूस ओढ्याच्या वाटेने फिरून आला आणि आमच्यापर्यंत पोचायला त्याला दुपार झाली. तोवर बाबा एकामागून एक नाचाची गाणी लावत होते. निरोप ऐकला तसं त्यांनी मशीनची पिन उपटली आणि ते अनवाणी धावत सुटले. मी मागे. काका ओट्यावर बसला होता. बाबांकडे न बघता तो एवढंच म्हणाला, "सकाळपासून ऐकतोय. लय लांब पोचतो तुझा भोंगा."

त्यानंतर तो बाबांशी बोलला नाही. एक वर्ष नाही, दोन नाही. माझा आवाज फुटला, मिशी आली, तरी नाही. बाबांनीही एक गोष्ट केली, कुणाला न सांगता. आमच्या पाड्यातल्या कुठल्याही कार्याला त्यांनी भोंग्याचं तोंड पुन्हा खिंडीकडे केलं नाही. मोहावर चढायचे, आणि तोंड नदीकडे फिरवायचे. लोक कुरकुरायचे, की पलीकडचं कुणी आलं नाही. बाबा म्हणायचे, "वारा तसा हाय." ते लाजेने तोंड फिरवत होते. काकाने ते कसं घेतलं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मी आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केला आणि वापीला एका कंत्राटदाराकडे लागलो. तलासरीहून जीप पकडायची, दहा माणसांच्या जागेत अठरा बसायची, हद्द ओलांडली की कंडक्टरची भाषा बदलायची. तिथे एका शेठच्या बंगल्यात आम्ही वायरिंग करत होतो. त्यांच्या हॉलमध्ये कपाटाएवढे उंच दोन स्पीकर होते आणि ते बसवायला गावातल्या मोठ्या दुकानाचा माणूस आला होता. इस्त्रीचा शर्ट, अत्तर, आवाज हळू. त्याने पेटीतून एक वायर काढली. जन्मात मी तसली वायर बघितली नव्हती. अंगठ्याएवढी जाड, वरचं कातडं काचेसारखं आरपार, आत तांबं असं झळकतंय की नवरीच्या अंगावर घालावं. आणि त्या कातड्यावर ओळीने छापलेले छोटे छोटे बाण.

"भाई, आ बाण जुओ," तो मला म्हणाला. "बाणाचं तोंड स्पीकरकडे ठेवायचं. आवाज त्याच दिशेने चालतो."

"आणि उलटी लावली तर?"

"तो आवाज थाकी जाय. दमतो. जीव राहत नाही."

तो हे हसून म्हणाला असता, तर माझं पुढचं आयुष्य जरा हलकं गेलं असतं. तो हसला नाही. कोर्सच्या परीक्षेत मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, की आवाज नेणारा असला प्रवाह सतत पुढे-मागे दिशा बदलत असतो. त्याचे मार्कही मिळाले होते. म्हणजे बाण कुठल्याही बाजूला असला तरी वायरीला त्याचं सोयरसुतक नाही, हे त्या हॉलमध्ये कागदोपत्री ठाऊक असलेला मी एकटाच होतो. आणि मी काय केलं? मान डोलवली. मग त्याने पेटीतून लाकडाच्या चिमुकल्या घोड्या काढल्या. वायर जमिनीला टेकली तर आवाज जमिनीत मुरतो म्हणे, म्हणून तिला घोड्यांवर उचलून ठेवायचं. मला बाबांची वायर आठवली, शेणातून, चिखलातून, कुडाच्या काट्यांवरून गेलेली. मला चक्क लाज वाटली. गाणं लागलं. दुकानवाल्याने विचारलं, "फरक समजला?" शेठ म्हणाले समजला. शेठाणी म्हणाल्या समजला. चहा घेऊन आलेला स्वयंपाकी म्हणाला, एकदम समजला. मी तर डोळे मिटले होते. आणि खरं सांगतो, मी ढोंग करत नव्हतो, मला ऐकू आला तो फरक. इतक्या महागाच्या वस्तूसमोर उभा असलेला माणूस काहीही ऐकू शकतो.

परवा माझा भाचा नितीन, ताईचा मुलगा, असाच माझ्यापुढे हात चोळत उभा होता. मुंबईत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याने तसलीच बाणांची वायर घेतली होती, तेवढ्या पैशांत स्कूटर आली असती. "मामा, डोळे मिटून ऐका, पडदाच उघडतो आवाजावरचा." मी म्हटलं, डोळे मी एकदा मिटलेत, आता तू मीट. त्याला पाठमोरं बसवलं आणि ताईच्या जुन्या इस्त्रीची वायर कापून मध्ये जोडली. एकदा ही, एकदा ती, असं पाच-सहा वेळा ऐकवलं. इस्त्रीच्या वायरीला तो म्हणाला, "बघा, हिच्यात मोकळेपणा आहे." ताई पदर तोंडाला लावून हसत स्वयंपाकघरात पळाली. नितीन दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मी त्याला समजावलं, की वायर जाडीला पुरेशी असावी, सांधा घट्ट असावा, आणि जिथे पोचायचं तिथवर पुरावी. बाकी सगळं दुकानातल्या दिव्यांचं काम. पण मी हसलो नाही. का हसलो नाही ते त्याला सांगितलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

ताईचं लग्न ठरलं. मुलगा वाणगावचा. बाबा नारळ घेऊन खिंड ओलांडून गेले. किती वर्षांनी गेले असतील ते त्यांच्या चालण्यावरून कळत होतं; दोनदा थांबले, एकदा चप्पल झटकायला, एकदा उगाच. मी रजेवर आलो होतो, मला त्यांनी बरोबर घेतलं. काका ओट्यावरच होता, जणू तेव्हापासून उठलाच नव्हता. केस पांढरे झालेले. काकीने पाणी आणलं. बाबांनी नारळ पुढे ठेवला आणि म्हणाले, "दादा, मंजूचं लगीन हाय."

काकाने नारळाकडे बघितलं. ताईला त्याने खांद्यावर बसवून सगळा डोंगर दाखवला होता. मग तो म्हणाला, "त्या दिवशी तुझा भोंगा माझ्या दारात वाजला. आता पोरीच्या लग्नाचा वाजव. माझ्या दारात ऐकाया आला त येन. नाय आला त नाय येनार."

"येल," बाबा म्हणाले. "ऐकाया येल, दादा."

परत येताना खिंडीत बाबा मला म्हणाले, "मोहावर चढवू. तोंड सरळ इकडं." ते गुणगुणत होते. बाबांना मी गुणगुणताना पहिल्यांदाच ऐकलं, आणि गळा खरोखर काकाकडेच गेला होता हे माझ्या लक्षात आलं.

आता माझं शहाणपण. मला वाटलं, इतक्या मोलाच्या आवाजाला त्या चिंध्या बांधलेल्या वायरीतून पाठवायचं? पलीकडे जाईपर्यंत त्याचा अर्धा जीव प्रत्येक सांध्यात गळणार. शिवाय, खरं तेच लिहायचं तर, वाणगावच्या पाहुण्यांसमोर ती लाल रिबीन मला नको होती. मी वापीच्या त्या दुकानात गेलो. दुकानवाल्याने मला ओळखलं, खुर्ची दिली. शेठच्या कामातून उरलेला एक तुकडा त्याच्याकडे होता, दहा मीटरचा. "तुझ्यासाठी अर्ध्या भावात," तो म्हणाला. अर्ध्या भावातही माझा महिन्याचा पगार गेला. मी विचारलं, पलीकडच्या पाड्यावर ऐकू जाईल ना? तो म्हणाला, "आमां लॉस ज नथी. जेवढा आवाज घातला तेवढा बाहेर." मी पुढे विचारलं, ही जुन्या वायरीला जोडली तर? त्याने कानांवर हात ठेवले. "सांधो? सांधो ना करवो, भाई. सांध्यात सगळं मरतं."

दहा मीटरमध्ये मोह येत नव्हता. दहा मीटरमध्ये आमच्या पडवीचा पुढचा खांब येत होता. पण लॉसच नाही म्हटल्यावर मोह कशाला? मी हिशेब असा केला, की झाडाची उंची मी वायरीच्या शुद्धतेने भरून काढतो आहे. वायरमनचं सर्टिफिकेट असलेल्या माणसाने हा हिशेब केला. आमच्या कुळात इतका शिकलेला मी पहिलाच होतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी बाबा डहाणूच्या बाजारात गेले होते, आणि आम्ही मंडप बांधत होतो. काथ्या कमी पडला. बांबू उभे, आडवे धरायला माणसं उभी, आणि बांधायला काही नाही. मी पडवीत गेलो, खुंटीवरून बाबांची वायर उतरवली आणि पक्कडीने तिचे हात-हातभर तुकडे केले. आई चुलीवरून ओरडली, "अरे, त्यांची वायर!" मी म्हटलं, "आई, आता हिची गरज नाही." फार मायेने म्हटलं. वाटलं, बाबांची आयुष्यभराची कटकट संपवतो आहे.

बाबा आले. डोक्यावर चिकूची टोपली, हातात सुक्या बोंबलांचं गाठोडं. टोपली उतरवता उतरवता त्यांची नजर मंडपाच्या खांबांवरून वर गेली. प्रत्येक गाठीत त्यांची वायर. एका गाठीतून लाल रिबिनीचं टोक लोंबत होतं. ते एकेका खांबाजवळ गेले, गाठीवर अंगठा दाबून बघितला.

"बरं घट्ट बांधलंस," ते म्हणाले.

मी त्यांना नवी वायर दाखवली. बाण दाखवले. त्यांनी ती हातावर तोलली. "सापाच्या कातीसारखी हाय," म्हणाले. "किती लांब?" मी म्हटलं, दहा मीटर. त्यांनी वर मोहाकडे बघितलं. मग म्हणाले, "किती दिलेस हिला?" मी आकडा सांगितला, आणि अभिमानाने सांगितला की माझ्या पगारातून. त्यांनी वायर माझ्या हातात परत दिली, जपून, जणू माझं पोर मीच त्यांना बघायला दिलं होतं. "बांध," म्हणाले.

लग्नाच्या सकाळी भोंगा पडवीच्या खांबाला बांधला. बाणांची तोंडं भोंग्याकडे आहेत ना, हे मी तीनदा तपासलं. भोंग्याचं तोंड मात्र घरामागच्या चढणीत अडकत होतं. खोलगटातल्या घराच्या पडवीतून खिंड दिसतच नाही, तर भोंग्याला कुठून दिसणार. ते मी तपासलं नाही. गाणं लागलं. मावश्या जमल्या, शेजारी जमले. मी विचारलं, फरक समजतो? मावशी म्हणाली, "लय गोड रे, मधासारखा." सगळे भोंग्याखाली उभे होते. बाबाही. जन्मात पहिल्यांदा ते भोंग्याखाली उभे राहून भोंगा ऐकत होते.

"पोचतंय का पन?" त्यांनी विचारलं.

"बाबा, हिच्यात लॉस नाही. सगळाच्या सगळा आवाज पोचणार."

त्यांनी मशीनचं बटण शेवटपर्यंत पिळलं. भोंगा फाटल्यासारखा करवादला, बायकांनी कान झाकले, तेव्हा त्यांनी ते परत खाली आणलं. मग म्हणाले, "जरा येतो," आणि चढणीकडे निघाले. मला वाटलं, मोहाच्या सावलीत विडी ओढायला गेले. तासाभराने आले. धोतराला कुसळं, कपाळावर घाम. मी हळद लागलेल्या हातांनी धावत गेलो. "कुठपर्यंत जातोय, बाबा?" त्याच वेळी वळणावर वऱ्हाडाचा टेम्पो दिसला, कुणीतरी आरोळी ठोकली. तलासरीहून दुसरी वायर आणायला आता वेळच नव्हता. बाबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं ते मला माहीत नाही, पण त्यांनी ते बघितलं आणि म्हणाले, "गोड हाय रे. लय गोड."

मी ते प्रशस्तिपत्र घेऊन मंडपभर फिरलो.

अक्षता पडल्या. पंगत बसली. पहिल्या ओळीत बाबांनी एक पाट रिकामा ठेवला होता, समोर पत्रावळ, पत्रावळीवर मीठ आणि लिंबाची फोड. ताई मुंडावळ्यांमधून सारखी खिंडीकडे बघत होती. दुसरी पंगत उठली, तिसरी उठली. पत्रावळीवरची फोड सुकत गेली. टेकडीपलीकडचं कुणीच आलं नव्हतं, एकही माणूस, आणि तेव्हा मी पहिल्यांदा त्या दहा मीटरकडे वळून बघितलं. वरात निघताना ताई मला म्हणाली, "काका नाय आला रे." मी म्हटलं, "राग अजून गेला नसेल त्याचा." बघा, तेव्हाही मी माझ्या वायरीचं नाव घेतलं नाही.

ती गेल्यावर बाबांनी भात आणि डाळ पळसाच्या पानांत बांधली आणि ते खिंड ओलांडून गेले. काकाचं दार लोटलेलं होतं. त्यांनी हाक मारली, दार उघडलं नाही. पान ओट्यावर ठेवून ते परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पान आमच्या कुडाच्या खांबाला टांगलेलं सापडलं, गाठ न सोडलेली.

पुढची भाताची लावणी व्हायच्या आत काका गेला. छातीत कळ आली, शेतात बसला, उठला नाही. आम्ही सगळे गेलो. बाबांनी खांदा दिला. रडले नाहीत. घरी आल्यावर मात्र त्यांनी मंडपाचे बांबू जिथे रचले होते तिथून वायरीचे तुकडे सोडवायला सुरुवात केली. शेतावरून आले की बसायचे, एक तुकडा दुसऱ्याला जोडायचे, तांबं पिळायचे, वर ट्यूबची पट्टी. मी म्हटलं, बाबा, नवी वायर आणून देतो, साधी, लांब, काहीच महाग नाही. ते म्हणाले, "नको." मी शेजारी बसून पट्ट्या कापून द्यायला लागलो. त्यांनी नाही म्हटलं नाही. असे कितीतरी दिवस गेले. बाणाची वायर मी कुठे ठेवली ते आता आठवत नाही. खोटं कशाला, आठवतं. आईने तिच्यावर कपडे वाळत घातले. ओझ्याने जरा वाकायची, पण तुटली नाही.

एका दुपारी बाबांनी वायर मोहापर्यंत नेली. एक हात कमी पडली, इतके सांधे झाले होते. मग त्यांनी मशीन पडवीच्या कडेला आणून ठेवलं. मोहावर चढले, भोंगा बांधला, तोंड खिंडीकडे केलं. मला म्हणाले, "तू जा. काकाच्या दारात उभा राहा आणि ऐक. वायर तपासायची हाय."

मी गेलो. काकी ओट्यावर सुपात नागली पाखडत होती. मी आलेला बघून तिने थोडं सरकून जागा दिली. कशासाठी आलो ते मी सांगितलं. ती पाखडत राहिली. मग म्हणाली, "त्या दिशी तुझा काका सकाळीच अंघोळ करून बसला होता इथं. नवा सदरा घातला. टोपी मांडीवर. म्हनला, भोंगा वाजला का निघू."

मी मान खाली घातली.

"मावळतीला टोपी खुंटीला लावली. म्हनला, आज पन तोंड नदीकडंच केलं त्याने. इतकी वर्सं माझ्याकडं पाठ करून वाजवतोय, पोरीच्या लग्नाला तरी फिरवेल वाटला होता."

"काकी, तोंड फिरवलं नव्हतं गं. माझ्यामुळे..." आणि मी तिला सगळं सांगितलं. बाण, दहा मीटर, मंडपाच्या गाठी. हे सगळं मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो, आणि बोलता बोलता मला ते इतकं फालतू वाटलं, की त्यात एक माणूस गेला यावर माझाच विश्वास बसेना.

काकीने सूप गुडघ्यावर टेकवलं. "तुझ्या बापाला मी बघितला होता त्या दिशी," ती म्हणाली. "विहिरीवरून. खिंडीत उभा होता, कानामागं हात धरून. वाटला, येतोय खाली. पन तो वळला न् गेला. मी तुझ्या काकाला नाय सांगितला. म्हटला, आता दोघांनी कान लावलाय, कायतरी ऐकाया येलच." सूप पुन्हा हलवत म्हणाली, "मी सांगाया पायजे होता. तू एकटाच अंगावर नको घेऊस."

म्हणजे बाबा विडी ओढायला गेले नव्हते. खिंडीपर्यंत जाऊन, आवाज पोचत नाही हे ऐकून, ते परत आले होते, आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले होते, गोड हाय. चार पावलं पुढे उतरून भावाला हात धरून का आणलं नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. दोघांनी भोंग्यावर शब्द दिला-घेतला होता, आणि आमच्या घरात शब्दही कुणी ओलांडायचा नाही.

तेवढ्यात खिंडीतून खरखर आली. काकीने सूप थांबवलं. एक दाणाही हलू दिला नाही.

"हॅलो," बाबांचा आवाज आला. जाडाभरडा, मध्येच तुटणारा, साठ ठिकाणी चिंध्या बांधलेला. "हॅलो. हॅलो." मग काही नाही. मला वाटलं, एखादा सांधा सुटला. पण नुसती खरखर चालूच होती, म्हणजे माईक चालू होता आणि ते उभे होते.

"दादा," बाबा म्हणाले. "मंजूचं लगीन हाय. जेवाया ये."

टेकडीवरून तो आवाज ओट्यावर आला, दारातून आत गेला, आतल्या भांड्यांना लागला. काकीने पदराने तोंड पुसलं आणि खुंटीवरच्या टोपीकडे बघितलं.

"लय लांब पोचतो," ती म्हणाली.

मी खिंड चढून परत आलो. बाबा पडवीत मशीनजवळ बसले होते. त्यांनी मशीन बंद केलं होतं आणि वायर गोळा करायला घेतली होती, कोपर आणि अंगठा यांच्यामध्ये वेटोळं घालत, एकेक सांधा बोटाखालून जाऊ देत. मान वर न करता त्यांनी विचारलं, "पोचला?"

"पोचला."

"कुठवर?"

"दारापर्यंत, बाबा. आतपर्यंत."

त्यांनी मान हलवली. मला त्यांच्या शेजारी जाऊन बसायचं होतं, म्हणून मी पाय उचलला.

"सरक जरा," ते म्हणाले. "वायर ओलांडू नको."